टीम येतेय, पण कोणत्या महिन्यात?

बीड जिल्ह्यातल्या शाळांवर संशोधन करायला निघालेल्या टीमला अनावृत पत्र



तुम्ही पुण्याचे, मुंबईचे की बंगळुरूचे, हे मला ठाऊक नाही. पण तुम्ही येणार हे नक्की, कारण दरवर्षी कुणीतरी येतंच. तुमच्या प्रस्तावाच्या पहिल्या पानावर बीडचं नाव ज्या कारणांनी येतं तीही आम्हाला आता पाठ झाली आहेत. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८०७ मुली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी ४३.७ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं. राज्याचा आकडा त्याच्या निम्मा. आणि दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीसाठी कोयता घेऊन जिल्ह्याबाहेर पडणारी लाखो माणसं. एवढं असल्यावर कुठलाही संशोधक इथं येईलच. याबद्दल तक्रार नाही.

पत्र तुमच्या प्रमुखांना न लिहिता अख्ख्या टीमला लिहितोय, त्याला कारण आहे. केंद्रप्रमुख म्हणून नोकरी करताना मी टीमा येताना पाहिल्या, जाताना पाहिल्या. त्यांच्यातले प्रमुख बहुतेक वेळा हुशार आणि सज्जन होते. काम फसलं ते हुशारी कमी पडली म्हणून नव्हे. टीममधल्या ज्याला खरं काय ते माहीत होतं त्याला बोलायची जागाच नव्हती, म्हणून फसलं. तो बहुधा डी.एड. झालेला, नोकरी नसलेला, आपल्याच मोटारसायकलवर पेट्रोल घालून फिरणारा गावचा पोरगा असतो. तुमच्या भाषेत तो क्षेत्रीय अन्वेषक, आमच्या गावात ‘सर्व्हेवाला’. पाटोद्यात किंवा शिरूर कासारमध्ये डिसेंबरात काय दिसतं आणि ऑगस्टमध्ये काय दिसतं, हे त्याला झोपेतही सांगता येईल. पण प्रश्नावली छापून झाल्यावर त्याची नेमणूक होते.

आधी एक जुनी गोष्ट सांगतो. ती आमच्या एकट्या जिल्ह्याची नाही, सगळ्या राज्याची आहे. ४ जुलै २०१५ या एका दिवशी महाराष्ट्रात शाळाबाह्य मुलांची पाहणी झाली. एवढी मोठी टीम मी आयुष्यात पाहिलेली नाही. शिक्षक, अधिकारी, अंगणवाडीच्या ताई, सगळे एकाच दिवशी घरोघर. एक मूल दोनदा मोजलं जाऊ नये म्हणून मतदानासारखी बोटाला शाई. वीटभट्टी, एसटी स्टँड, आठवडी बाजार, काही सोडायचं नाही असे आदेश. कामाची वाटणी चोख होती आणि शिस्तही होती. पण तारीख ४ जुलै. जुलैत ऊसतोड कामगार गावात असतो. पाऊस पडलेला असतो, कापसाची लागवड चालू असते, लेकरं शाळेत असतात आणि खिचडी खातात. पुढं हंगामाचे पाच-सहा महिने जी शाळेत नसणार ती सगळी त्या दिवशी हजर! बोटाला शाई लावून आम्ही त्यांना शाळेतली म्हणून मोजलं. एका दिवसाच्या त्या मोजणीवर संस्था-संघटनांनी तेव्हाच टीका केली आणि ती रास्त होती. आपल्याच नियमात सलग महिनाभर गैरहजर असलेलं मूल शाळाबाह्य धरतात. मग जानेवारीत आमच्या कितीतरी वाड्या-वस्त्यांवर काय चित्र निघालं असतं, याचा अंदाज तुम्हीच करा.

हजारो माणसांची टीम आणि चुकीचा महिना. माझं तर मत असं आहे की धारूरच्या एखाद्या शिक्षकाला नियोजनाच्या बैठकीत बसवून ‘तारीख कोणती घेऊ?’ एवढं विचारलं असतं, तर त्यानं एका वाक्यात सांगितलं असतं. विचारलं नसेल असंही नाही. पण वरून तारीख ठरून आल्यावर खालून ‘ही चालणार नाही’ असं म्हणायची आपल्याकडे रीत नाही. तुमच्या टीममध्ये ती रीत आहे का, हे येण्याआधी तपासा.

म्हणून तुमच्या वेळापत्रकाबद्दल थोडं. निधी देणाऱ्यांचं वर्ष एप्रिल ते मार्च. शाळेचं वर्ष जून ते एप्रिल. विद्यापीठाचं सत्र वेगळं. आणि आमच्याकडे या सगळ्यांच्या वर बसलेलं एक वर्ष आहे, कारखान्याचं. गाळप हंगाम कधी सुरू करायचा हे राज्याची मंत्री समिती ठरवते. त्याआधीच, कधीकधी उन्हाळ्यात, मुकादमानं, म्हणजे तोडणीच्या ठेकेदारानं, मजुरांना उचल (आगाऊ रक्कम) वाटलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्या कोयत्यावर उचल. धुराडं पेटायच्या सुमाराला ट्रक-ट्रॅक्टर भरून माणसं निघतात. सांगली, कोल्हापूर, सातारा, पुणे, सोलापूर, नगर, तिकडं बेळगावपर्यंत. हंगाम संपून पट्टा पडला की मार्च-एप्रिलात परत. निधी मंजूर होऊन, माणसं नेमून, प्रशिक्षण करून तुम्ही गावात पोहोचेपर्यंत बहुतेक वेळा नोव्हेंबर उजाडलेला असतो. म्हणजे ज्यांच्यावर संशोधन करायचं ते गेलेले, आणि तुम्ही आलेले.

यावर ‘असर’चं उदाहरण तुम्ही द्याल, म्हणून मीच देतो. ‘प्रथम’ संस्थेनं २००५ साली ही पाहणी सुरू केली. टीम कशी बांधावी याचा वस्तुपाठ म्हणून मी ती तरुण शिक्षकांना सांगत आलो. जिल्ह्यात तीस गावं, गावात वीस घरं, म्हणजे जिल्ह्याला सहाशे घरं. प्रत्येक गावात दोन स्वयंसेवक, दोन दिवस. गावकऱ्यांबरोबर बसून गावाचा नकाशा काढायचा, गावाचे चार भाग पाडायचे, प्रत्येक भागातून पाच घरं घ्यायची. तीन ते सोळा वयाच्या मुलांची नोंद करायची आणि पाचाच्या पुढच्या प्रत्येकाला एकेकटं बसवून वाचायला द्यायचं: अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. साधन इतकं सोपं की कॉलेजातला पोरगाही थोड्या प्रशिक्षणानं ते नीट वापरू शकतो, आणि निकाल इतका उघडा की शेजारी बसलेल्या निरक्षर आईलाही आपलं लेकरू कुठं अडलं ते दिसतं. नंतर काही गावांत फेरतपासणी. स्वयंसेवक जिल्ह्यातल्याच संस्थांचे, कॉलेजांचे. अहवालात त्या संस्थांची नावं छापतात. हे शेवटचं तुम्हाला किरकोळ वाटेल, आम्हाला वाटत नाही.

मुख्य म्हणजे असरवाले शाळेत न जाता घरी जाऊन मूल तपासतात. शाळेत फक्त आलेली मुलं सापडतात, हे त्यांनी पहिल्याच वर्षी ओळखलं. तरीही आमच्याकडे एक पेच उरतोच. ही पाहणी साधारण सप्टेंबर ते नोव्हेंबरात होते. दसऱ्याआधी गावात गेलात तर एक गाव, दिवाळीनंतर गेलात तर दुसरं. घरोघरच्या कुठल्याही पाहणीत बंद घर लागलं की तशी नोंद करून पुढचं घर घ्यायचं, असा सर्वसाधारण नियम असतो. साताऱ्यात तो ठीक आहे. तिथं कुलूप म्हणजे माणसं लग्नाला गेलीत. वडवणीच्या एखाद्या वस्तीवर ओळीनं आठ कुलपं लागली आणि नियमाप्रमाणे तुम्ही नवव्या घरात शिरलात, तर ज्यांच्यासाठी इतक्या लांब आलात त्यांनाच ओलांडून पुढं गेलात. आमच्याकडे कुलूप हीच नोंद आहे. स्मिता या संशोधिकेचं २००७ सालचं पुस्तक याच विषयावर आहे, नाव ‘लॉक्ड होम्स, एम्प्टी स्कूल्स’. आपल्या ऊसतोड कामगारांबरोबर ओडिशातले वीटभट्टीवाले आणि गुजरातेतले मिठागरवाले त्यात आहेत. ते वाचून या.

कुलपापुढं काय करायचं हे मुंबईत बसलेल्या सांख्यिकीतज्ज्ञाला ठरवता येणार नाही. सर्व्हेवाल्यालाही एकट्याला येणार नाही. शेजारणीला विचारून ‘कुठल्या कारखान्याला गेलेत, लेकरं बरोबर नेलीत का आजीकडं ठेवलीत’ एवढं लिहायचं ठरलं, तर नमुना कसा बदलेल हे पहिल्याला कळतं. शेजारीण खरं सांगेल का, हे दुसऱ्याला कळतं. दोघांना एका खोलीत, फॉर्म छापायच्या आधी, अर्धा दिवस बसवा. सांघिक काम म्हणजे माझ्या लेखी हा अर्धा दिवस. त्यात चहा सर्व्हेवाल्यानं आणायचा नाही, एवढं बघा.

फॉर्मचंच घ्या. वडिलांचा व्यवसाय: शेती, मजुरी, नोकरी, व्यापार, इतर, एकावर खूण करा. बालाघाटाच्या रांगेतल्या कुठल्याही लेकराला विचारा, ते ‘शेती’ सांगणार. खोटं नाही ते. दोन एकर कोरडवाहू असते, सातबारा असतो. सहा महिने त्या घराला कुलूप असतं हे ‘शेती’ या खुणेत येत नाही. मग तुमच्या तक्त्यात ऊसतोड कामगारांची मुलं आणि शेतकऱ्यांची मुलं असे दोन रकाने तयार होतात, त्यांची तुलना होते, आणि त्यातली निम्मी मुलं चुकीच्या रकान्यात बसलेली असतात. वर्गशिक्षिकेला दोन मिनिटं विचारलं असतं तर तिनं हजेरीपट उघडून कुठलं नाव कुठं गेलंय ते बोट ठेवून दाखवलं असतं.

शिक्षकांबद्दल बोलू, कारण तुमच्या टीमा आणि आमचे गुरुजी-बाई यांचं नातं बिघडतं ते बहुधा इथंच. तुमच्या कागदावर ते ‘प्रतिसादक’ असतात. तुम्ही येण्याच्या आधीच त्यांच्या डोक्यावर पोषण आहाराच्या नोंदी, यू-डायस, सरल, मतदार याद्या, आणि आठवड्याला नवी लिंक. त्यात तुमची परीक्षा. चौथीतल्या मुलाला दुसरीचा उतारा वाचता आला नाही की त्यांना पहिली भीती एकच वाटते: हे कार्यालयात जाणार आणि माझ्या नावावर लागणार. मग हुशार मुलं पुढच्या बाकावर येतात, काही त्या दिवशी आजारी पडतात. गुरुजींना दोष देऊ नका. शाळेचं आणि शिक्षकाचं नाव जिल्हा परिषदेला मिळणार नाही, हे गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या समोर आणि लेखी सांगा. तोंडी सांगितलेलं आमच्याकडे ‘बघू’ या सदरात मोडतं. आणि अभ्यास दोन वर्षांचा असेल तर मे-जूनच्या बदल्या लक्षात घ्या. ज्या बाईंना प्रशिक्षण दिलंत त्या दुसऱ्या वर्षी आष्टीला गेलेल्या असतील.

या बाबतीत चांगलं काम पाहायचं असेल तर वाड्याकडं बघा. अझीम प्रेमजी विद्यापीठानं २०११ साली भारतीय भाषांतल्या साक्षरतेवर एक मोठा अभ्यास हाती घेतला. शैलजा मेनन त्याच्या प्रमुख. एक ठिकाण कर्नाटकातलं यादगीर, दुसरं आपल्या पालघर जिल्ह्यातला वाडा तालुका. वाड्यात सोबतीला निलेश निमकर यांची क्वेस्ट ही संस्था, जी सोनाळ्यात आधीपासून शाळांबरोबर काम करत होती. पहिलीपासून तिसरीपर्यंत त्याच मुलांचा सलग मागोवा घेतला. वर्गात बसून पाहिलं, मुलांना तपासलं, शिक्षकांशी बोलले. अक्षरं आणि बाराखडी घोकण्यातच वर्षं निघून जातात आणि अर्थाशी मुलाची गाठ फार उशिरा पडते, हे त्यातून पुढं आलं. विद्यापीठाला हे दोन भेटी देऊन कळलं नसतं, आणि एकट्या क्षेत्रीय संस्थेला ते इतक्या पुराव्यानं मांडता आलं नसतं. अभ्यास संपल्यावर तिथं राहणारं कुणीतरी टीममध्ये होतं, ही मला त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. तुमच्या टीमचं इथं काय राहणार आहे? अंबाजोगाईला जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आहे, म्हणजे आमचं डायट. तिथले अधिव्याख्याते, तालुक्यांचे विषयतज्ज्ञ, साधनव्यक्ती हे तुम्ही गेल्यावरही असणार आहेत. त्यांना उद्घाटनाच्या हारतुऱ्यापुरतं बोलावू नका.

दुसरं उदाहरण नोबेलवाल्यांचं. मुंबई आणि वडोदरा, २००१ ते २००३. प्रथमचा बालसखी कार्यक्रम आणि त्याचं मोजमाप करणारे अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांचे सहकारी. वस्तीतलीच एखादी तरुण मुलगी मागे पडलेल्या मुलांना वर्गातून बाजूला घेऊन रोज दोन तास शिकवायची. मानधन महिन्याला काही शे रुपये. मागे पडलेली मुलं पुढं सरकली, हे आकड्यांनी सिद्ध झालं. २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल बॅनर्जी, डफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना ज्या प्रयोगनिष्ठ कामासाठी मिळालं, त्यात याचाही वाटा आहे. पण मला त्यात भावली ती आखणी. काही शाळांना बालसखी आणि काहींना ठेंगा, असं त्यांनी केलं नाही. वडोदऱ्यात निम्म्या शाळांत तिसरीला बालसखी, निम्म्या शाळांत चौथीला. पुढच्या वर्षी अदलाबदल. तुलना करायला गट मिळाले आणि कुठलाच मुख्याध्यापक रिकाम्या हातानं राहिला नाही. आमच्याकडचा मुख्याध्यापक तुम्हाला पहिला प्रश्न हाच विचारणार आहे: ‘शेजारच्या शाळेला दिलं, आम्हाला का नाही?’ त्याचं उत्तर संशोधनाच्या आखणीतच असलं पाहिजे. आणि ते शोधायला शाळा जवळून माहीत असलेला माणूस आखणीच्या वेळी हजर लागतो.

खरं तर आखणारा आणि गावात जाणारा एकत्र हवेत, हे आपल्याला नोबेलवाल्यांकडून शिकायची गरज नव्हती. तारा मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ त्याच वर्षी त्यांच्याबरोबर आल्या. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा या दोघींनी बालवाडीच उचलून पाड्यांच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी पुढं कोसबाडला कुरणशाळा झाली. माँटेसोरीचं शास्त्र ताराबाईंचं आणि पाड्यावर रोज जाण्याचं बळ अनुताईंचं, असं काहीजण सांगतात. ही वाटणी मला खरी वाटत नाही. दोघींनाही दोन्ही जमत होतं, म्हणून तर योजना फसतेय हे लगेच कळलं आणि लगेच बदलताही आली.

आता मुकादम. हा माणूस तुमच्या प्रस्तावात नसतो, पण स्थलांतर करणाऱ्या मुलांचा मागोवा घ्यायचा म्हटलं की त्याच्याशिवाय पान हलत नाही. कुठला कोयता कुठल्या कारखान्याला, कुठल्या गावाच्या शिवारात कोपी पडलीय, कुणाचा फोन चालू आहे, सगळं त्याला माहीत. तुमचा सर्व्हेवाला पहिल्याच दिवशी त्याच्याकडं जाईल आणि काम पटापट होईल. इथं थांबा. ज्या बापानं मुकादमाकडून उचल घेतली आहे, तो मुकादमासमोर तुमच्या संमतीपत्रावर ‘नाही’ म्हणेल का? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की पालकांच्या संमतीबरोबर मुलाचीही अनुमती हवी: सात ते बारा वयाला तोंडी, त्याच्या पुढं अठरापर्यंत लेखी. कागदावर तुम्ही ते पाळालच. पण कर्जदाराची सही सावकाराच्या ओट्यावर घेतली तर ती संमती कसली? मुकादमाकडून पत्ता घ्या, संमती घरी घ्या, तो नसताना घ्या. यात वेळ दुप्पट जाईल. तो वेळ अंदाजपत्रकात धरा. सर्व्हेवाल्याला फॉर्मागणिक पैसे देणार असाल तर तो मुकादमाच्या ओट्यावरच बसणार. त्यात त्याचा दोष नाही, हिशेब तुमचा चुकला. दिवसाचे पैसे द्या.

आणि टीमचा अर्धा भाग कारखान्याच्या टोकाला लागेल. जे मूल ऑगस्टमध्ये केजला भेटलं ते जानेवारीत वारणेच्या काठावर धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसलेलं असेल किंवा उसाचे वाढे गोळा करत असेल. बीडच्या शिक्षण विभागाचा तिथं हुकूम चालत नाही. तेव्हाच्या औरंगाबादच्या जनार्थ संस्थेनं कारखान्यांच्या तळावर साखरशाळा चालवल्या तेव्हा हेच दोन टोकांचं गणित त्यांच्यापुढं होतं: तिथं शिकलेलं इथल्या शाळेनं मानायचं कसं? शिक्षण हक्क कायदा आल्यावर अशा मुलांना जवळच्या नियमित शाळेत घालायचं धोरण आलं, शिक्षण हमी कार्ड आलं. गावात ठेवायचं तर हंगामी वसतिगृहं आहेत, आणि आता संत भगवानबाबांच्या नावानं ४१ तालुक्यांत ८२ शासकीय वसतिगृहांची योजना आहे. यातलं काय चालतं आणि काय कागदावर चालतं, हे शोधण्यासारखा दुसरा उपयोगी विषय नाही. तो एका टोकावरून सुटणार नाही. कोल्हापूरचं एखादं कॉलेज, तिथला एखादा समाजकार्य विभाग सुरुवातीपासून बरोबर घ्या.

एक गोष्ट राहिली, आणि ती लांबवू नये अशीच आहे. तुमच्या टीममध्ये बावीस-तेवीस वर्षांची एखादी मुलगी असेल. आठवीतली पोरगी प्रश्नावली बाजूला ठेवून तिला सांगेल की दिवाळीआधी माझं लग्न आहे. किंवा याहून वाईट काही सांगेल. गुप्ततेचं वचन तर तुम्ही पहिल्या पानावर दिलेलं असतं. पण २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे लैंगिक अत्याचाराची माहिती कळली की ती कळवणं बंधनकारक आहे, टीमच्या सर्वांत लहान माणसावरसुद्धा. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक, आणि तो कदाचित त्याच लग्नाचं निमंत्रण खिशात घेऊन फिरत असतो. १०९८ वर फोन कुणी करायचा? रात्री नऊ वाजता त्या मुलीचा फोन तुमच्यापैकी कोण उचलणार? हे प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी नाव आणि नंबर लिहून ठरलं पाहिजे. ज्या टीममध्ये हे ठरलेलं नसतं, तिथं ती मुलगी गप्प बसते आणि दोन महिन्यांनी काम सोडते. मी तिला दोष देत नाही.

बंजाऱ्यांची गोरमाटी बोलणारा एक तरी माणूस घ्या, तांड्यावरची लेकरं परक्यासमोर प्रमाण मराठीत तोंड उघडत नाहीत. टॅब घेऊन या, पण छापील फॉर्मही ठेवा, डोंगरपट्ट्यात रेंज नसते. बाकी बारीकसारीक तुम्हाला कळेलच.

निष्कर्ष परत आणून देण्याचं मात्र आत्ताच ठरवून टाका. तुमचा अहवाल इंग्रजीत निघतो, परिसंवाद दिल्लीत होतो, आणि ज्या शाळेनं तीन दिवस तुम्हाला वर्ग दिले तिला पुढं काय झालं ते कधीच कळत नाही. शाळांनी दुसऱ्या टीमला थंड प्रतिसाद दिला तर तो पहिल्या टीमचा वारसा समजा. गावाला सांगायचं तर ग्रामसभेत सांगा. ग्रामसभा २६ जानेवारीला असते, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरलाही. तुम्हाला २६ जानेवारी सोयीची वाटेल, कारण मार्चअखेर पैसे खर्च करायचे असतात. त्या दिवशी गावात म्हातारी माणसं आणि सरपंच भेटतील. १ मेला कोयते परत आलेले असतात. त्याच दिवशी शाळेत निकालपत्रकं वाटतात, म्हणजे आई-बाप तसेही शाळेपर्यंत येतात. एक पान मराठीत, मोठ्या अक्षरांत. वाचून दाखवायचं काम सर्व्हेवाल्याला द्या, आणि प्रमुखांनी शेजारी उभं राहून प्रश्नांना उत्तरं द्यावीत. विषयपत्रिकेवर यायचं तर नोटीस आठवडाभर आधी निघते, तेव्हा ग्रामसेवकाला एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यातच गाठा. आखणीची पहिली बैठक ऑगस्टात अंबाजोगाईला ठेवणार असाल तर तारीख कळवा. पोळ्याचा दिवस तेवढा टाळा.

आपला,
एक निवृत्त केंद्रप्रमुख
जिल्हा बीड